पिसवा कोणी आणल्या?



संयोजकांनी आमच्याकडे कामगार चळवळीवर भाषण मागितले होते. आम्हीच विषय बदलून मागितला आणि 'मांजराच्या अंगावरच्या व घरातल्या पिसवा आणि त्यांचा बंदोबस्त' असे चिठ्ठीवर लिहून पाठवले. चिटणीसांनी दोनदा फोन करून आपण अक्षर बरोबर वाचले ना, याची खात्री करून घेतली. तुम्हीही आता हसलात. हरकत नाही. ज्यांच्या घरी हा उपद्रव एकदा झाला आहे ते हसलेले नाहीत, हे आम्हाला इथून दिसते आहे. आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण गेल्या वर्षी होळीनंतर या पिसवांपायी आमच्या चाळीत एका कुटुंबावर घर सोडायची पाळी आली होती. ती हकीकत सांगावी आणि तिच्या ओघात जे शिकलो तेही सांगावे, एवढाच आजचा बेत आहे.

आमच्या संघटनेची कचेरी सात खोल्यांच्या एका जुन्या चाळीच्या टोकाला आहे. चार खोल्यांना फरशी, तिघींना शेणाने सारवलेली जमीन. कचेरीत एक मांजर असते. मिरचीच्या पथारीवरून कुणा बाईने पिलू असताना आणले आणि ते राहिले. प्रत्येक सभेला ते न चुकता हजर असते म्हणून हमालांनी त्याचे नाव ठेवले 'हजेरी'. पावतीपुस्तकांना उंदीर लागायचे ते तिच्यामुळे थांबले, तेव्हा तिचा पगार वाजवीच आहे.

चाळीतले एक कुटुंब, मूळचे धडगावकडचे, दिवाळीनंतर दर वर्षी गुजरातेत ऊसतोडीला जाते. आपल्या जिल्ह्यातली किती कुटुंबे अशी जातात ते तुम्हाला सांगायला नको. चार महिने खोलीला कुलूप. होळीला ही मंडळी परतली, कुलूप काढले, अंथरुणे टाकली, आणि तासाभरात पोरांचे पाय गुडघ्यापर्यंत लाल ठिपक्यांनी भरले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतल्या दोन वर्षांच्या नातवालाही पिसवा चावल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळी चाळ आमच्या कचेरीत.

शेजारच्या आजी म्हणाल्या, "आप्पा, चार महिने इथं काही नव्हतं. हे आले अन् पिसवा आल्या. यांनीच आणल्या गुजरातेतून." दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "पिसवा मांजराच्या. पोत्यात घालून तापीपार सोडून या." मग कोणीतरी मागून हळूच म्हणाले, "सुरतेकडून आलेत. प्लेगबिग तर नाही ना?" त्या शब्दासरशी खोलीत एकदम शांतता पसरली. त्या कुटुंबातली सून दारात उभी होती. ती एवढेच बोलली, "तिकडं पाचटात झोपत होतो आम्ही. एक पिसू नाही पाहिली."

ठरावच पुढे आला की कुटुंबाने खोली सोडावी आणि मांजर घालवावे. आम्ही पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. नाखुशीने मिळाली.

'सुरतेकडून आलेत' हे शब्द आम्ही पूर्वीही ऐकले होते. १९९४च्या सप्टेंबरात आम्ही पंचविशीत होतो. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. आपला जिल्हा १ जुलै १९९८ला झाला. सुरतेत प्लेगची बातमी फुटली आणि काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून निघाली. त्यांतली बरीच आपल्या तापी खोऱ्याच्या रेल्वेने नवापूरवरून इकडे आली, कारण सुरतेच्या कारखान्यांत राबणारी माणसे आपलीच होती. आम्ही त्या दिवसांत स्टेशनावर जात होतो. तोंडाला रुमाल बांधलेली, हातात पत्र्याची पेटी घेतलेली माणसे उतरत आणि त्यांना न्यायला आलेले नातेवाईकही दहा पावले लांब उभे राहत. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन नाहीसे झाले. आमच्या ओळखीच्या एका लूम कामगाराला त्याच्या गावाने चार दिवस शिवाराबाहेर ठेवले. तो ठणठणीत होता. चौघे दिवसा त्याला शिव्या द्यायचे आणि रात्री भाकरी पोचवायचे.

म्हणून या खेपेला आम्ही वाचनालय गाठले, आणि जे वाचले ते इथे सांगण्यासारखे आहे. सुरतेचा प्लेग फुप्फुसांचा होता. तो खोकल्यावाटे माणसाकडून माणसाकडे जातो, पिसवांचा तिथे संबंध नसतो. पण त्याच वर्षी, त्याच्या महिनाभर आधी, आपल्याच महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातल्या मामला या गावी गाठींचा प्लेग आढळला होता, आणि तो मात्र पिसवांचा. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला भूकंप झाला, लोकांनी तडा गेलेली घरे सोडली, धान्य मात्र आत राहिले. ओस घरांत उंदीर माजले. पुढच्या पावसाळ्यात उंदीर पटापट मरू लागले आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवा नवे अंग शोधू लागल्या, असा त्याचा क्रम जाणकारांनी लावला आहे. बंद घरात काय चालले आहे ते बाहेरच्याला दिसत नाही, हे आम्ही तिथे प्रथम टिपून ठेवले.

पिसू प्लेग पोचवते हे ज्याने दाखवले त्या माणसाची गोष्ट तर फारच मौजेची. पॉल-लुई सिमाँ नावाचा फ्रेंच लष्करी डॉक्टर. जून १८९८, कराची. ती तेव्हा मुंबई इलाख्यात होती. त्याने एका प्लेगच्या रोग्याच्या घरातला आजारी उंदीर काचेच्या मोठ्या बरणीत ठेवला. उंदराच्या अंगावर पिसवा होत्या, पण प्रयोगाला आणखी हव्या होत्या. तेव्हा उतरला होता त्या हॉटेलच्या आवारात फिरणाऱ्या एका मांजराच्या अंगावरून त्याने थोड्या पिसवा उसन्या घेतल्या! मग त्याच बरणीत एक निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात घालून असा टांगला की आजारी उंदराला त्याचा स्पर्श होऊ नये, पिसू मात्र उडून जाऊ शकावी. पाच-सहा दिवसांत निरोगी उंदीर प्लेगने मेला. या शोधाची कित्येक वर्षे टिंगल झाली. १९०५नंतर प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, पुन्हापुन्हा प्रयोग केले तेव्हा कुठे तो सर्वमान्य झाला.

या तारखा लक्षात ठेवा, कारण पुण्यात रँडचे सोल्जर घराघरांत घुसून अंथरुणे जाळीत होते ते १८९७ साली. सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करताना त्याच वर्षी १० मार्चला गेल्या. रोग कशावर बसून येतो ते सरकारला ठाऊक नव्हते. माणसाला मात्र त्याच्या घरातून ओढून काढायचे हे त्याने आधीच ठरवले होते.

तेव्हा कोणाची धास्ती उरली असेल तर ती इथेच सोडून द्यावी: मांजराची पिसू ही निराळी जात. प्लेग पसरवणारी मुख्य जात उंदरावरची, मांजरावरची पिसू त्या कामी फार कुचकामी आहे. उलट १९०८ साली ब्यूकॅनन नावाच्या, आपल्या देशात नोकरी करणाऱ्या एका डॉक्टरांनी, मांजरे पुष्कळ असलेल्या गावांत प्लेग कमी येतो असा लेखच लिहिला होता. मांजरालाही प्लेग होऊ शकतो हे पुढे कळले, म्हणून त्याचे म्हणणे जसेच्या तसे घेऊ नये. परंतु मांजर पोत्यात घालणाऱ्याने घरातल्या उंदरांचा विचार आधी करावा.

आता आमची चूक. मुदत पंधरा दिवसांची, म्हणून आम्ही घाई केली. कुत्र्यासाठी मिळणारे पिसवांचे औषध आणले, 'मांजर म्हणजे लहान कुत्रेच' असे मनाशी म्हटले आणि निम्मे हजेरीच्या पाठीवर ओतले. तीन तासांत तिच्या तोंडातून लाळ गळू लागली, कान फडफडू लागले, मग सगळे अंग थरथरू लागले. सायकलच्या कॅरिअरला खोके बांधून आम्ही जनावरांचा दवाखाना गाठला. तिथे गाई-म्हशींची रांग. डॉक्टरांनी रांग मोडून आत घेतले, भांडी घासायच्या पातळ साबणाने आणि कोमट पाण्याने तिचे अंग धुतले, सुई दिली आणि रात्रभर ठेवून घेतले. सकाळी म्हणाले, "आप्पा, वाचली. पण बाटलीवर लिहिलेलं वाचायला तुम्ही लोकांना शिकवता ना?"

आम्ही मान खाली घातली. त्या औषधात परमेथ्रिन होते. कुत्र्याला ते चालते. मांजराचे यकृत ते फोडून बाहेर टाकू शकत नाही. तीच गत फिनाईलची. त्यातल्या कार्बोलिकसारख्या द्रव्यांपुढेही मांजर असहाय असते. आणि मांजर दिवसभर स्वतःला चाटते, म्हणजे अंगाला लावलेली प्रत्येक वस्तू शेवटी पोटात जाते. रॉकेल, तंबाखूचे पाणी, कापूर, वासाची तेले, सगळी याच वाटेने. आपल्याकडे मिरचीवर मारायची औषधे घरोघर असतात. त्यांतली काही द्रव्ये मांजराच्या औषधातही असतात हे खरे, पण तीव्रता निराळी आणि मिसळण निराळी. शेतीच्या डब्यातले टोपणभर औषध मांजरावर टाकणे म्हणजे त्याला मारणे. जुन्या लोकांना गॅमेक्सीनची पांढरी भुकटी आठवत असेल. तिच्यावर १९९७पासून देशात बंदी आहे; माळ्यावर जुना डबा असेल तर तो उघडू नका.

डॉक्टरांनी मग आम्हाला स्टुलावर बसवून जे सांगितले ते या व्याख्यानाचे सार समजा. मांजराच्या अंगावर ज्या पिसवा दिसतात त्या एकूण पसाऱ्यातल्या शंभरांत पाच. उरलेल्या पंचाण्णव घरात असतात, पण पिसवेच्या रूपात नसतात. एक मादी दिवसाला वीस ते पन्नास अंडी घालते. अंडे गुळगुळीत, ते केसांत टिकत नाही. मांजर जिथे झोपते तिथे मिठासारखे गळते. त्यातून केसाएवढी अळी निघते. तिला उजेड सोसत नाही, ती फटीत, बारदानाखाली, गोधडीच्या शिवणीत शिरते आणि मोठ्या पिसवांच्या विष्ठेवर, म्हणजे वाळलेल्या रक्तावर, जगते. मग ती स्वतःभोवती कोश विणते. त्या चिकट कोशाला धूळ लागते आणि तो धुळीसारखाच दिसतो. या कोशात कोणतेही औषध शिरत नाही.

डॉक्टर पुढे म्हणाले, "कोशातली पिसू तयार झाली तरी लगेच बाहेर येत नाही. ती वाट पाहते. जमीन हादरली, ऊब लागली, श्वासाची हवा लागली, की समजते, कोणीतरी आलं. मग एकदम बाहेर. नाही कोणी आलं तर चार-चार, पाच-पाच महिने तशीच."

आम्ही स्टुलावरून उठलोच. चार महिने! कुलूप लावलेली ती खोली. तिच्या मागच्या भिंतीला कौलांखाली वीतभर भोक आहे, आणि थंडीत हजेरी रात्री कुठे जाते हे आम्हाला कधी कळले नव्हते. परत येऊन सुनेच्या परवानगीने आत पाहिले. कोपऱ्यात जुन्या बारदानांची चवड, वर मांजराच्या अंगाएवढा खोलगा आणि त्यात हजेरीचे भुरे केस. खालची मिरीपुडीसारखी काळी पूड ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवली. भोवती तांबूस रंग उतरला. साधी धूळ असती तर उतरला नसता. ही परीक्षा कोणालाही घरी करता येते.

तो कापूस आम्ही बशीत घालून सात खोल्यांना दाखवला. पिसवा गुजरातेतून आल्या नव्हत्या. त्या इथेच, आमच्या मांजराने घातलेल्या बिछान्यात, या पोरांच्या पावलांची वाट पाहत बसल्या होत्या. आजींनी बशीकडे बराच वेळ पाहिले आणि "मग आता?" एवढेच विचारले.

आता काम. ते एका घराने करून भागत नाही, हे आमच्या धंद्यात आम्ही रोज सांगतो. पण तिथे पटवायला जेवढा वेळ लागतो त्याहून इथे जास्त लागला. फरशीवाल्या दोन घरांचे म्हणणे, आमच्याकडे पिसवा नाहीत. त्यांना आम्ही सांगितले की रात्री पांढरे मोजे घालून खोलीत दहा मिनिटे फिरा. दुसऱ्या दिवशी दोन्ही घरे आली. खात्री करण्याची आणखी एक तऱ्हा: ताटलीत साबणाचे पाणी घेऊन जमिनीवर ठेवावे आणि वर ठेंगणा दिवा लावावा. उबेला पिसू उडी मारते आणि साबणाच्या पाण्यात बुडते. नुसत्या पाण्यावर ती तरंगून निसटते.

रविवार ठरला. सातही खोल्यांचे सामान बाहेर. बारदाने जाळली. गोधड्या-चादरी कढत पाण्यातून काढल्या. जी वाकळ धुण्यासारखी नव्हती ती पत्र्यावर दिवसभर उन्हात, दोन्ही बाजूंनी. आपल्या चैत्र-वैशाखाच्या उन्हाला आपण शिव्या देतो, पण पिसवेच्या अळीला ते सोसत नाही. तिला ओल आणि अंधार हवा. म्हणूनच हे काम आत्ता, पावसाच्या आधी करायचे. मृग लागला की ती पुन्हा सुखी. जमीन कोपऱ्यापर्यंत झाडली, केर उकिरड्यावर न टाकता साबणाच्या कढत पाण्याच्या बादलीत टाकला, मातीच्या जमिनीच्या फटी लिंपून पुन्हा सारवल्या. मागचे भोक विटेने बंद केले. हजेरीसाठी डॉक्टरांनी तिच्या वजनाप्रमाणे मानेवर, जिथे जीभ पोचत नाही तिथे लावायचा औषधाचा थेंब दिला आणि तो दर महिन्याला असा निदान तीन महिने लावायला सांगितले. शिवाय रोज संध्याकाळी लिखांची फणी तिच्या अंगावरून फिरवायची आणि साबणाच्या पाण्यात बुचकळायची. अगदी लहान पिलांना तर औषध नकोच, फणीच बरी. आणि फणी चुकवू नये, कारण पिसवा फार झाल्या तर रक्त जाऊन पिलू दगावते. मांजराच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमी, तेही पिसू गिळल्यानेच होतात, डॉक्टरांना सांगावे. पोराने चुकून पिसू गिळली तर त्यालाही होऊ शकतात.

बाराव्या दिवशी पिसवा पुन्हा दिसू लागल्या. हा दिवस फार वाईट गेला. कोणी म्हणाले, फुकट गेले सगळे. कोणी पुन्हा त्या कुटुंबाच्या दाराकडे पाहू लागले. संपाचा दुसरा आठवडा आम्ही बरेचदा पाहिला आहे. माणसे त्याच आठवड्यात फुटतात. आम्ही डॉक्टरांचे म्हणणे पुन्हा समजावले: हे कोश आहेत, ते फुटलेच पाहिजेत, बाहेर आलेली पिसू मांजरावर बसली की औषधाने मरणार, न फुटलेला कोश मात्र आपल्या हाती लागत नाही. म्हणून घरात जास्त चाला, जास्त झाडा, मांजराला घालवू नका. मांजर घालवले तर त्या सगळ्या माणसाकडे येतील. मुदत संपत आली होती, ती आठ-आठ दिवसांनी दोनदा वाढवून घेतली. रोज झाडण्याचे वेळापत्रक खडूने भिंतीवर लिहिले. एका गृहस्थांनी आठ दिवस झाडलेच नाही, त्यांची खोली सर्वांत शेवटी स्वच्छ झाली. त्यांचे नाव इथे घेत नाही, ते समोर बसले आहेत.

सहाव्या आठवड्यात मोजे पांढरेच राहिले. ठराव कोणी मागे घेतला नाही, तसा तो कागदावर कधी लिहिलाही नव्हता. त्या कुटुंबाला खोली सोडा म्हणायला पुन्हा कोणी आले नाही, पण तीन दिवस पोरांना अंगणात खेळू दिले नव्हते त्याबद्दल चकार शब्दही कोणी काढला नाही. सुनेने तो आमच्यापाशी एकदाच काढला आणि आमच्यापाशीही उत्तर नव्हते. कारण मांजर आमचे होते.

गेल्या दिवाळीनंतर ही मंडळी पुन्हा ऊसतोडीला गेली. जाताना किल्ली शेजारच्या आजींकडे ठेवून गेली. दर आठ दिवसांनी आजी कुलूप काढत, खोलीभर पाय आपटत चालत, झाडून घेत आणि पुन्हा कुलूप लावत. दारात हजेरी बसलेली असे. तिला मात्र त्यांनी एकदाही आत येऊ दिले नाही.